मॉरिस मायनरचे हेडलाइट: वायरिंगच्या दुरुस्तीच्या नोंदी

४ जानेवारी २०२५

गाडी १९५४ सालची मॉरिस मायनर, सिरीज टू आहे. ८०३ सीसीचे इंजिन, दोन तुकड्यांची पुढची काच, लुकासची १२ व्होल्टची वीजव्यवस्था आणि त्या काळच्या ब्रिटिश प्रथेप्रमाणे बॉडीला जोडलेले बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक, अशी तिची मूळ रचना अजून कायम आहे. गेल्या पावसाळ्यानंतर तिचे रंगकाम झाले आणि त्यासाठी पुढचे दोन्ही मडगार्ड उतरवून पुन्हा बसवण्यात आले. रंगकामापूर्वी हेडलाइट पिवळट आणि मंद होते, परंतु दोन्ही बाजूंना सारखे होते. आता ते सारखे राहिलेले नाहीत आणि त्यांचे वागणे इतके चमत्कारिक आहे की, दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी ते जसे दिसते तसे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

डिपर, म्हणजे खालचा झोत, लावला की उजवा दिवा बऱ्यापैकी लागतो, डावा मात्र विझत आलेल्या निखाऱ्यासारखा तांबूस दिसतो. त्याच वेळी स्पीडोमीटरमधला अपरचा, म्हणजे लांबच्या झोताचा, इशारादिवा, जो डिपरवर पूर्ण विझलेला असायला हवा, तो मिणमिणत राहतो. उजव्या दिव्याच्या काचेतून तिरके पाहिले तर डिपरच्या फिलामेंटबरोबर अपरचे फिलामेंटही लालसर झालेले दिसते. अपर लावला की हाच प्रकार उलट होतो: डाव्या दिव्याची दोन्ही फिलामेंटे तांबूस होतात आणि उजव्या दिव्यात अपर नीट लागून डिपरचे फिलामेंट मंद तापते. पार्किंगचे दिवे मात्र दोन्ही स्थितींत व्यवस्थित आहेत.

गाडी पाहिलेल्या एका मेकॅनिकने पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, बदलण्याचा सल्ला दिला. सत्तर वर्षांच्या वायरिंगबद्दल तो चुकीचा म्हणता येणार नाही, पण आत्ता तरी मी तो स्वीकारलेला नाही. दोष कुठे आहे हे न कळता सगळे बदलले, तर दोष गेला तरी तो कशामुळे होता हे कळत नाही आणि न गेला तर आपल्या हाती काहीच उरत नाही. शिवाय वायरींचा जुडगा नवा आला तरी त्याची टोके त्याच गंजलेल्या स्विचांना आणि त्याच रंग चढलेल्या पत्र्यालाच जोडली जाणार आहेत. म्हणून आधी मोजमाप आणि मगच बदल, असा क्रम ठरवला आहे.

५ जानेवारी २०२५

बॅटरी रात्रभर चार्ज करून घेतली. विश्रांतीच्या स्थितीत ती १२.६ व्होल्ट दाखवते. दोन्ही दिव्यांची क्रोमची कडी काढली, काच आणि रिफ्लेक्टर यांचा संच स्प्रिंगवर आत दाबून डावीकडे फिरवून सोडवला आणि बल्बच्या बैठकीपर्यंत मीटरची टोके पोहोचतील अशी व्यवस्था केली. या गाडीवर मोजताना मीटरची लाल पिन बॉडीवर आणि काळी पिन वायरीवर ठेवावी लागते, कारण पॉझिटिव्ह बॉडीला आहे. उलटे धरले तरी बिघडत काही नाही, फक्त आकड्यापुढे उणे चिन्ह येते. परंतु वही भरताना चिन्हांचा घोळ नको म्हणून सर्व मापे याच पद्धतीने घेतली.

माझी पुतणी गाडीत बसून पायाचा डिपर, म्हणजे अपर-डिपर बदलणारा पायाने दाबायचा स्विच, दाबत होती आणि मी पुढे माप घेत होतो. डिपर लावल्यावर डाव्या दिव्याच्या काळ्या वायरीचे टोक आणि बॉडी यांच्यातला फरक मोजला. ही काळी वायर अर्थिंगची, प्रवाह बॉडीकडे परत नेणारी आहे, म्हणजे तिथे जवळपास शून्य यायला हवे, प्रत्यक्षात ७.८ व्होल्ट आले. उजव्या दिव्याला हेच माप ०.३ व्होल्ट होते. त्यानंतर एक जाड वायर डाव्या दिव्याच्या अर्थिंगपासून थेट बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापर्यंत धरली आणि त्याच क्षणी डावा दिवा उजव्याइतका उजळला, इशारादिवा विझला, उजव्या दिव्यातले नको ते फिलामेंटही शांत झाले. वायर काढली की सगळा गोंधळ परत येत होता.

पुतणीने विचारले, "काका, डाव्या दिव्याचं अर्थिंग गेलं, तर उजव्या दिव्यात अपर का लागतो?" प्रश्न नेमका होता आणि त्याचे उत्तर या संपूर्ण दोषाची गुरुकिल्ली आहे, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो. एका बल्बमध्ये अपर आणि डिपर अशी दोन फिलामेंटे असतात आणि दोघांचे अर्थिंग एकच असते. ते तुटले की डिपरच्या फिलामेंटमधून आलेल्या प्रवाहाला बॉडीकडे जायला वाट उरत नाही, म्हणून तो त्याच बल्बमधल्या अपरच्या फिलामेंटमधून उलट बाहेर पडतो, अपरच्या वायरीने मागे येतो आणि तिथून उजव्या दिव्याच्या अपर फिलामेंटमधून त्या बाजूच्या चांगल्या अर्थिंगपर्यंत पोहोचतो. एका फिलामेंटला मिळायचे १२ व्होल्ट अशा रीतीने तिघांत वाटले जातात, त्यामुळे कोणतेच धड पेटत नाही. इशारादिवा अपरच्या वायरीवरच जोडलेला असल्यामुळे त्यालाही थोडे व्होल्टेज मिळते. डिपरवर असताना त्या वायरीवर ३.६ व्होल्ट मोजले. डिपरवर मिणमिणणारा अपरचा इशारादिवा दिसला, की बल्ब किंवा स्विच बदलण्याच्या फंदात न पडता सर्वप्रथम हेडलाइटचे अर्थिंग तपासावे, असे मी कोणालाही सांगेन.

अर्थिंग रंगकामानंतरच का तुटले, याचे कारण या गाडीच्या बांधणीत आहे. १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मायनर लोकांसमोर आली तेव्हा तिचे हेडलाइट खाली, जाळीच्या दोन्ही बाजूंना होते. अमेरिकेतील दिव्यांच्या उंचीविषयीच्या नियमांमुळे निर्यातीच्या गाड्यांवर ते वर, मडगार्डमध्ये नेण्यात आले आणि पुढे सर्वच गाड्यांना तीच रचना मिळाली. मायनरचे मडगार्ड मात्र बॉडीला वेल्ड केलेले नसतात, ते बोल्टने आवळलेले असतात आणि दोन्ही पत्र्यांच्या सांध्यात बीडिंगची पट्टी असते. म्हणजे ज्या दिव्याचे अर्थिंग मडगार्डच्या पत्र्यावर घेतलेले आहे, त्याचा प्रवाह बॉडीपर्यंत पोहोचतो तो केवळ त्या बोल्टांमधून. माझ्या गाडीत बीडिंग नवे आहे, बोल्टांच्या भोकांच्या कडांवर प्रायमर आणि रंगाचे थर आहेत आणि काळ्या वायरीचा स्क्रूसुद्धा रंगावरच आवळलेला आहे. रंगाऱ्याने त्याचे काम चांगलेच केले आहे; पत्रा इतका नीट झाकला गेला की विजेलाही वाट राहिली नाही.

नवा रंग खरवडून अर्थिंग मिळवणे मला योग्य वाटत नाही, कारण उघडा पत्रा पुढच्या पावसाळ्यात गंजणार आणि दोष परत येणार. त्याऐवजी दोन्ही दिव्यांना अर्थिंगची स्वतंत्र वायर देऊन ती फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरच्या) त्याच बोल्टवर न्यायची, जिथे बॅटरीची अर्थिंगची पट्टी येते, असे ठरवले. उजव्या बाजूचे ०.३ व्होल्टही मला मान्य नाहीत. जे डावीकडे झाले तेच काही महिन्यांनी उजवीकडे होईल.

११ जानेवारी २०२५

तात्पुरत्या अर्थिंगवर दोन्ही दिवे आता सारखे आहेत आणि सारखेच मंद आहेत. रंगकामापूर्वीची जुनी तक्रार हीच होती. आज डायनामोचा, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा, संबंध येऊ नये म्हणून इंजिन बंद ठेवले, डिपर आणि पार्किंग चालू ठेवले आणि बॅटरीपासून उजव्या बल्बपर्यंत प्रत्येक टप्प्यावर किती व्होल्टेज हरवते ते मोजले.

या मोजणीतला सर्वांत मोठा सापळा आधी नोंदवतो. बल्ब काढून रिकाम्या बैठकीवर मीटर लावले तर १२.४ व्होल्ट येतात, आणि तेवढ्यावरून "सप्लाय बरोबर आहे, बल्बच खराब" असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. पण डिजिटल मीटर जवळपास काहीच प्रवाह घेत नाही आणि प्रवाह नसेल तर गंजलेला सांधाही व्होल्टेज पूर्ण पुढे जाऊ देतो. वायर एका धाग्यावर लटकत असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवील. बल्ब जागेवर, दिवा पेटलेला आणि मीटरची दोन टोके एकाच सांध्याच्या अलीकडे आणि पलीकडे, याच स्थितीतले माप खरे.

बॅटरीच्या टोकांवर भार असताना १२.३ व्होल्ट होते. तिथून डायनामोच्या नियंत्रकापर्यंत, ज्याला आपल्याकडे सगळे कटआउट म्हणतात, ०.२ व्होल्ट गेले. कटआउटच्या ए-वन टर्मिनलपासून डॅशबोर्डावरच्या लाइटच्या स्विचपर्यंत आणखी ०.२. एकट्या स्विचमध्ये ०.६. स्विचपासून पायाच्या डिपरपर्यंत ०.२ आणि डिपरच्या आत ०.५. पुढे दिव्याजवळच्या बुलेट सांध्यांसह (वायरीचे गोळीसारखे पितळी टोक नळीत खुपसून केलेले सांधे) वायरीत ०.४, बल्बच्या बैठकीतल्या स्प्रिंगच्या टेकणांवर ०.२ आणि तात्पुरत्या अर्थिंगमध्ये ०.१. सगळी मिळून घट २.४ व्होल्ट, म्हणजे बल्बच्या वाट्याला ९.९ व्होल्ट. बल्बवर प्रत्यक्ष मोजलेला आकडाही तेवढाच आला, त्यामुळे मधला कोणताही टप्पा सुटलेला नाही याची खात्री पटली.

९.९ व्होल्ट ऐकायला फार कमी वाटत नाही, पण फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात बदलत नाही, तो साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी जातो, आणि ९.९ व्होल्टला तो १२ व्होल्टच्या तुलनेत जेमतेम निम्मा उरतो. म्हणून अधिक वॉटचा बल्ब लावणे हा या दुखण्यावरचा उपाय नाही. मोठा बल्ब अधिक प्रवाह ओढतो आणि याच सांध्यांमध्ये आणखी व्होल्टेज गमावतो.

जे व्होल्टेज हरवते त्याची उष्णता होते. स्विचमधून डिपरचे ६ आणि पार्किंगचे २ असे ८ अँपिअर जातात, त्यावर ०.६ व्होल्टची घट म्हणजे जवळपास ५ वॉट उष्णता एका छोट्या बॅकेलाइटच्या (जुन्या पद्धतीच्या कडक प्लास्टिकच्या) डबीत. काही मिनिटांनी स्विचच्या मागे हात लावला तर तो चांगला गरम लागतो, आणि एका टर्मिनलजवळ बॅकेलाइट तपकिरी पडलेले आहे. मंद दिव्यांइतकीच ही गोष्ट मला चिंतेची वाटते, कारण या गाडीच्या फ्यूजबॉक्समध्ये फक्त दोन फ्यूज आहेत आणि हेडलाइटचा मार्ग त्यांपैकी एकातूनही जात नाही.

१२ जानेवारी २०२५

आज वायरींची पाहणी केली. मूळ हार्नेस त्या काळच्या पद्धतीचा आहे: तांब्याच्या तारांवर रबर, रबरावर सुती विणकाम आणि विणकामात रंगीत धागा. ब्रिटिश गाड्यांची रंगांची भाषा एकदा समजली की नकाशा हातात नसतानाही वायर ओळखता येते. फ्यूजशिवायचा बॅटरीचा पुरवठा तपकिरी, पार्किंग लाल, अर्थिंग काळे आणि हेडलाइट निळ्या वायरींचे. स्विचपासून पायाच्या डिपरपर्यंत नुसती निळी, तिथून पुढे अपरची निळी-पांढरी आणि डिपरची निळी-लाल. उघड्यावरच्या भागात सगळेच रंग आता एकसारखे मळकट झाले आहेत, पण हार्नेसवरची गुंडाळी बोटभर उसवली की आत, जिथे ऊन आणि तेल पोहोचले नाही, तिथे धाग्याचा रंग आजही ओळखू येतो.

डॅशबोर्डामागची वायर अजून लवचिक आहे. वाकवली तरी रबराला भेग पडत नाही. दिव्यांच्या डब्यांमध्ये आणि रेडिएटरच्या बाजूला मात्र रबराचा अक्षरशः चुरा होतो आहे. एका ठिकाणी निळ्या-लाल वायरीचे तांबे डब्याच्या भोकाच्या कडेपासून काडीभर अंतरावर उघडे होते आणि भोकातला रबरी ग्रोमेट, म्हणजे वायरीला पत्र्याची कड लागू न देणारे कडे, कधीच नाहीसा झालेला होता. तिथे शॉर्ट झाले असते तर फ्यूज उडाला नसता, वायर पेटली असती.

यावरून हार्नेसबद्दलचा निर्णय झाला. पायाच्या डिपरपासून पुढचा सगळा भाग नवा करायचा. केबिनमधला मूळ हार्नेस ठेवायचा, फक्त त्याची टोके दुरुस्त करायची. हा निर्णय केवळ जुन्याच्या मायेपोटी घेतलेला नाही. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१७ ओहम असतो. एका दिव्याचे ३ अँपिअर दोन मीटर वायरीतून गेले तर घट ०.१ व्होल्टच्या आसपास होते. मी पुढच्या टप्प्यात मोजले ०.४. उरलेले ०.३ तांब्यात हरवलेले नाहीत, ते सांध्यांत हरवले आहेत. चांगली वायर सत्तर वर्षांनीही चांगलाच प्रवाह नेते; म्हातारे होतात ते सांधे आणि वरचे आवरण.

नाना पेठेतून एका दिव्यासाठी दीड आणि समाईक पुरवठ्यासाठी व अर्थिंगसाठी अडीच चौरस मिलिमीटरची ऑटो वायर आणली. निळ्यावर पांढरी रेघ असलेली वायर मिळाली, निळ्यावर लाल मिळाली नाही. तिथे साधी निळी वायर घेऊन दोन्ही टोकांना लाल स्लीव्ह चढवणार आहे, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणी बोनेट उघडले तरी त्याला रंगांची तीच भाषा वाचता येईल. घरगुती वायरिंगची वायर स्वस्त मिळते आणि अनेक जुन्या गाड्यांत घातलेलीही दिसते, पण तेल, उष्णता आणि कंपन यांना तिचे आवरण फार काळ टिकत नाही.

१८ जानेवारी २०२५

बॅटरीची अर्थिंगची पट्टी सोडवली आणि मगच डॅशबोर्डाखाली हात घातला. या गाडीत स्विचच्या मागच्या तपकिरी वायरी चावी बंद असतानाही जिवंत असतात, त्यामुळे ही खबरदारी ऐच्छिक नाही.

लाइटच्या स्विचची टर्मिनले जुन्या पद्धतीची आहेत: पितळी नळीत वायरीचे सोललेले टोक घालायचे आणि वरून बारीक स्क्रू आवळायचा. सर्व स्क्रू ढिले होते. दोन वायरींच्या टोकांना पूर्वी कोणीतरी डाख (सोल्डर) दिलेला होता, आणि दोन सर्वांत ढिले स्क्रू नेमके त्यांचेच निघाले. यात योगायोग नाही. डाखाचा धातू मऊ असतो, स्क्रूच्या दाबाखाली तो हळूहळू सरकतो, दाब कमी होतो, सांधा तापतो, आणि तापला की आणखी सरकतो. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला डाख देऊ नये. मोकळ्या तारांवर तांब्याची टोपी दाबून बसवावी. काळे पडलेले टोक सेंटिमीटरभर मागे कापून स्वच्छ तांबे मिळवले, टोप्या दाबल्या, टर्मिनलची भोके पितळी तारेच्या बारीक ब्रशने घासली. स्विचची आतली टेकणे कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन अतिशय बारीक पॉलिश पेपरच्या पट्टीने हलकेच पुसली. जाड पेपर वापरला तर टेकणाचा पृष्ठभाग ओरखडला जातो आणि तिथे पुन्हा काजळी धरते. स्विचमधली घट ०.६ वरून ०.१५ वर आली.

पायाचा डिपर क्लचच्या पेडलशेजारी जमिनीच्या पत्र्यावर बसलेला असतो, म्हणजे चपलेची माती, पावसाचे पाणी आणि खालून उडणारा चिखल या सर्वांच्या वाटेत. काढला तेव्हा त्याच्या खालच्या बाजूला हिरवा गंज होता आणि टर्मिनलचे रिव्हेट हाताने हलत होते. रिव्हेट ढिला झालेला स्विच साफ करून उपयोग नसतो. नवा तीन टर्मिनलचा डिपर जुन्या ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात सहज मिळाला. बसवण्याची भोके जुळवण्यासाठी पातळ पत्र्याची एक पट्टी करावी लागली. बसवण्यापूर्वी टर्मिनलांवर पेट्रोलियम जेलीचा थर दिला. घट ०.५ वरून ०.१.

कटआउटकडची टोके याच पद्धतीने नवी केली. त्यातल्या नियमनाच्या स्क्रूंना मी हात लावलेला नाही, कारण दिव्यांच्या तक्रारीशी त्यांचा संबंध असल्याचे कोणतेही माप सांगत नाही.

२५ जानेवारी २०२५

पुढचा हार्नेस तयार झाला. प्रत्येक दिव्याला तीन वायरी: अपर, डिपर आणि स्वतंत्र अर्थिंग. दोन्ही अर्थिंग फायरवॉलच्या बोल्टवर एकत्र येतात. तिथला रंग फक्त वॉशरखाली येईल तेवढाच काढला, दातेरी वॉशर घातला आणि आवळल्यानंतर वरून जेली लावून सांधा हवाबंद केला. वायरी डब्यात शिरतात तिथे नवे ग्रोमेट बसवले.

बुलेट सांध्यांना मी डाख दिला आहे. स्क्रूखालचा डाख वाईट आणि बुलेटमधला चांगला, यात विसंगती नाही. बुलेटला धरून ठेवते ती बाहेरच्या नळीची स्प्रिंग, आणि तिचा दाब डाखावर पडत नाही, पितळावर पडतो. जुन्या नळ्यांची स्प्रिंग गेलेली होती, म्हणून नळ्या सगळ्या नव्या घेतल्या. घालताना पक्कड लागेल इतक्या त्या घट्ट असाव्यात, बोटांनी सहज शिरणारा बुलेट सांधा सैल समजावा.

बल्बच्या बैठकीतल्या दोन स्प्रिंगच्या टेकणांपैकी उजवीकडचे एक गंजून अर्धवट दाबलेल्या स्थितीत अडकले होते. बैठका बदलल्या. रिफ्लेक्टरची तपासणीही आजच केली. व्होल्टेज पूर्ण मिळाले तरी रिफ्लेक्टर काळवंडलेला असेल तर उजेड रस्त्यावर पोहोचत नाही आणि हा दोष कोणत्याही मीटरवर दिसत नाही. डाव्या रिफ्लेक्टरचा खालचा भाग तपकिरी होता. रिफ्लेक्टरचा चकचकीत मुलामा इतका पातळ असतो की त्याला फडक्याने पुसायला गेले तर आहे तोही निघून येतो. मुंबईच्या चोर बाजारात त्याच मापाचे दोन संच एकत्र मिळाले. काचांवरची नक्षी डावीकडून वाहतूक असलेल्या देशांसाठीचीच आहे ना, हे घेण्यापूर्वी मुद्दाम पाहिले, कारण उलट नक्षीची काच डिपरचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत टाकते.

१ फेब्रुवारी २०२५

आजचा दिवस फ्यूज, रिले आणि हॅलोजन यांच्या विचारात गेला.

हेडलाइटला फ्यूज हवा याबद्दल मला शंका नाही, प्रश्न कुठे हवा हा आहे. पायाच्या डिपरच्या अलीकडे एकच फ्यूज घातला तर सगळ्या मार्गाचे संरक्षण होते, परंतु एका बाजूचा शॉर्ट दोन्ही दिवे एकदम घालवतो, आणि घाटात वळणावर तसे होणे हे वायर जळण्याइतकेच भयंकर आहे. म्हणून पायाच्या डिपरच्या पलीकडे चार स्वतंत्र फ्यूज घातले आहेत: डावा अपर, उजवा अपर, डावा डिपर, उजवा डिपर. एका फिलामेंटला साडेतीन अँपिअर पुरतात. फ्यूज ८ अँपिअरचे ठेवले आहेत. स्विचपासून डिपरपर्यंतचा केबिनमधला भाग अजूनही फ्यूजशिवाय आहे, पण तो पत्र्याच्या कडांपासून दूर आहे आणि तिथे नवी स्लीव्ह चढवली आहे. शॉर्ट होण्याचा खरा धोका पुढच्या भागात होता आणि तो आता झाकला गेला आहे.

बल्ब मूळ क्षमतेचेच, ४२ आणि ३६ वॉटचे ठेवणार आहे. ६०/५५ वॉटचे हॅलोजन लावावेत असे अनेक जण सुचवतात. या गाडीचा डायनामो पूर्ण वेगात १९ अँपिअर देतो. दोन ६० वॉटचे बल्ब १० अँपिअर घेतात, पार्किंगचे दिवे २, इग्निशनची कॉइल ३ ते ४ आणि पावसात वायपरचा भार वेगळा. हिशेब काठोकाठ येतो आणि बॅटरी भरायला फारसे काही शिल्लक राहत नाही. मूळ बल्बांना अपरवर ७ अँपिअर लागतात, त्यामुळे डायनामोला श्वास घ्यायला जागा राहते.

रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच, लावल्यास हातच्या स्विचवरचा भार नाहीसा होतो, हे खरे आहे, आणि ज्यांना हॅलोजन लावायचेच आहेत त्यांनी ते रिलेशिवाय कधीही लावू नयेत. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत आत डायोड असलेला रिले उलटा जोडला गेला तर डायोड जळतो, म्हणून साधा, डायोड नसलेला रिले निवडावा. एलईडीचे बहुतेक तयार संच निगेटिव्ह अर्थ गृहीत धरून केलेले असतात. ते या गाडीत थेट जोडता येत नाहीत. माझ्या गाडीत सांधे दुरुस्त झाल्यावर स्विचवर जी घट उरली आहे, ती पाहता रिलेची गरज मला दिसत नाही. चार नवे भाग वाढवणे म्हणजे बिघडू शकणाऱ्या चार जागा वाढवणे.

२ फेब्रुवारी २०२५

सगळे जोडून ११ जानेवारीची मापे त्याच क्रमाने, त्याच भारावर पुन्हा घेतली. बॅटरी १२.३. कटआउटपर्यंत ०.१, तिथून स्विचपर्यंत ०.१, स्विचमध्ये ०.१५, डिपरपर्यंत ०.१, डिपरमध्ये ०.१, फ्यूज आणि बुलेट सांध्यांसह पुढच्या हार्नेसमध्ये ०.१, बैठकीत ०.०५, अर्थिंगमध्ये ०.०५. एकूण घट पाऊण व्होल्ट, बल्बवर ११.५५. ९.९ च्या तुलनेत उजेड हिशेबाने सुमारे १.७ पट होतो. इंजिन चांगल्या वेगात असताना बॅटरीवर १३.४ येतात आणि बल्बवर १२.६. दोन्ही बाजूंतला फरक मीटरच्या शेवटच्या आकड्याइतकाच आहे, आणि डिपरवर इशारादिवा पूर्णपणे विझलेला असतो.

झोत लावण्यासाठी गाडी सपाट जमिनीवर भिंतीपासून २५ फुटांवर उभी केली, टायरमधली हवा पाहिली आणि मागच्या सीटवर दोन माणसे बसवली, कारण रिकाम्या गाडीवर लावलेला झोत माणसे बसली की आकाशाकडे बघतो. दोन्ही दिव्यांच्या मध्यांमधले अंतर आणि जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखली. एक दिवा झाकून दुसऱ्याच्या वरच्या स्क्रूने उंची आणि बाजूच्या स्क्रूंनी डावे-उजवे जुळवले. अपरचे दोन प्रखर डाग एकमेकांना समांतर आणि दिव्यांच्या मध्यरेषेपेक्षा किंचित खाली आले. डिपर लावला की दोन्ही डाग डावीकडे खाली सरकतात.

रात्री कात्रजच्या जुन्या घाटाने गाडी नेली. अपरवर वळणाचा कठडा आणि त्यापुढचा रस्ता वेळेत दिसतो, डिपरवर डावी कड स्पष्ट राहते, आणि समोरून येणाऱ्या कोणीही दिवे मारून तक्रार केली नाही. घाट उतरल्यावर लाइटच्या स्विचच्या मागे हात लावून पाहिला. तो कोमटही नव्हता.

एक गोष्ट उरली आहे. सिग्नलला इंजिन मंद फिरत असताना दिवे थोडे उतरतात. त्या वेगात या डायनामोकडून चार्जिंग होत नाही आणि सगळा भार बॅटरीवर येतो, त्यामुळे थोडे उतरणे अपेक्षित आहे. परंतु वेग वाढवल्यावर चार्जिंगचा दिवा विझायला मला वाटते त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. कटआउटची टेकणे १२.७ ते १३.३ व्होल्टच्या दरम्यान जुळायला हवीत. पुढच्या शनिवारी डायनामोचे ब्रश आणि कम्युटेटर पाहून मग ते माप घेईन. नवा नकाशा, वायरींचे रंग, फ्यूजच्या जागा आणि आजचे सर्व आकडे एका कागदावर उतरवून तो फ्यूजबॉक्सच्या वर, फायरवॉलला प्लास्टिकच्या पाकिटात लावून ठेवला आहे.